आठ मोठे की बारा?

चिठ्ठ्यांच्या सोडतीत लोकांना फसवायचं असेल तर चिठ्ठीला हात लावावा लागत नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘सोडतीच्या कामातले गमतीदार किस्से’ मागितले आहेत, आणि किस्से सांगता सांगता मी हसून विषय सोडून देईन अशी मला भीती वाटते. किस्से आहेत. हसण्यासारखेही आहेत. पण या कामातून मी घरी घेऊन आले तो मुख्यतः संताप, आणि तो मला अजून थंड होऊ द्यायचा नाही.

आधी काम काय ते सांगते. मी घाटकोपरच्या एका छोट्या संस्थेत नोकरीला होते. उपनगरात माणसं जास्त आणि बऱ्या जागा कमी, त्यामुळे बरीच भांडणं शेवटी चिठ्ठ्यांच्या हंड्यापाशी येतात. सोसायटीचं पार्किंग, मंडईतले ओटे, पुनर्वसनाच्या इमारतीतल्या खोल्या, सगळ्याला चिठ्ठ्या. वाद नको म्हणून लोक बाहेरचा माणूस बोलावतात. तो बाहेरचा माणूस मी. चिठ्ठ्यांचा कागद एकसारखा हवा, घडी एकसारखी हवी, हंड्याचं तोंड हात जाईल पण नजर जाणार नाही एवढंच हवं, आणि चिठ्ठी काढणाऱ्याची बाही कोपराच्या वर. पिन मारायची नाही, ती बोटाला लागते आणि चिठ्ठी ओळखू येते. एका ठिकाणी चिठ्ठ्या प्लास्टिकच्या डब्यांत घालून टाकायची पद्धत होती, आणि त्यातली एक डबी बर्फासारखी गार निघाली. हात घालणाऱ्याला ओळखू यावी म्हणून ती कुणाच्या तरी फ्रीजमधून आली होती. तेव्हापासून मी सगळा माल आधी सर्वांसमोर उन्हात पसरून ठेवायचे. येणारे-जाणारे विचारायचे, “पापड का हो?”

या धंद्याचं गणित मात्र प्राथमिक शाळेतलं. हव्या असलेल्या चिठ्ठ्या किती, ते वर लिहायचं. एकूण चिठ्ठ्या किती, ते खाली. मधे रेघ. झाली तुमची शक्यता. दोन हंड्यांपैकी बरा कोणता हे ठरवायचं तर दोन अपूर्णांक शेजारी मांडायचे आणि मोठा कोणता ते बघायचं. ज्यांनी शाळेत अपूर्णांकांना शिव्या घातल्या, त्यांच्या राहत्या घराचा निकाल पुढे त्याच रेघेवर लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अंधेरीच्या एका टॉवरमध्ये चार कुटुंबं होती आणि छपराखालची पार्किंगची जागा एकच. ट्रॅकसूट घातलेले एक गृहस्थ हंड्याला चिकटूनच उभे राहिले.

“पहिला हात माझा.”

“का हो काका?”

“मी फाउंडर मेंबर आहे.”

शेजारच्या बाई उसळल्या. “म्हणजे चांगली चिठ्ठी तुम्ही उचलणार आणि आम्ही काय खरकटं घ्यायचं?”

भांडण पार कुत्र्याने कुणाच्या गाडीचं चाक ओलं केलं इथपर्यंत गेलं. मी म्हटलं, चौघांनी एकेक चिठ्ठी काढा, पण उघडू नका, मुठीत धरा. काढल्या. मग काकांना विचारलं, “तुमच्या मुठीतली चिठ्ठी यांच्या मुठीतलीपेक्षा चांगली आहे का?”

“उघडल्याशिवाय कसं सांगणार?”

“तेच म्हणतेय मी.”

पहिला हात घाला नाहीतर शेवटचा, चार मुठी आणि एक जागा. प्रत्येकाची शक्यता एक चतुर्थांश. काकांनी मूठ उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाले, “पटलं. पण पहिली मी उघडणार हं.”

इथपर्यंत गंमत आहे. बोरिवलीच्या मासळी बाजारात ती संपते. तिथे दरवाजाजवळचे चार ओटे मोक्याचे, आणि दरवर्षी त्यांच्यासाठी वीस बायकांच्या नावांची सोडत. विसात चार, म्हणजे पाचात एक. गोराईहून येणाऱ्या मार्था आंटींचं नाव सलग तीनदा निघालं नव्हतं. चौथ्यांदा त्या टोपली बाजूला ठेवून एकदम खुशीत बसल्या होत्या.

“आज माझाच लंबर.”

“असं कसं म्हणता, आंटी?”

“तीन टायमाला गेला ना. आता नको यायला?”

मी त्यांना समजावलं की हंड्याला मागचं काही आठवत नाही. मागच्या वर्षी पाचात एक, यंदाही पाचात एकच. तीनदा हरल्याने शक्यता तसूभर वाढत नाही. आंटींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हंड्याला नाय आठवत, बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “पण कमिटीला आठवते ना? तेच बोलले मला, पुढच्या टायमाला तुझाच लंबर. तीनपण टायमाला बोलले.”

मी मागे वळले, तर कमिटीचे लोक मोबाइलमध्ये बघत होते. ‘पुढच्या वेळी तुमचाच नंबर’ या वाक्याची मला चीड आहे. फुकट देता येतं, आणि ऐकणारी बाई वर्षभर गप्प बसते. खरंच मनात असतं तर नियम करता आला असता की तीनदा हुकलेल्या बाईच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या टाका. हंडा लक्षात ठेवत नसेल, पण नियम ठेवू शकतो. मी तसं सुचवलं. “उगाच गुंतागुंत नको, मॅडम,” असं उत्तर मिळालं. आंटींचं नाव चौथ्यांदाही निघालं नाही. मला त्या एवढंच म्हणाल्या, “तू खरा बोलली. आज दुसरा कोण बोलला नाय.”

पण ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट मुलुंडची आहे.

पश्चिमेला डोंगराच्या अंगाला बैठ्या खोल्यांची एक वस्ती. ऐंशी घरं. बरीच माणसं कोकणातली, बाप गिरणीत होते, मुलं आता रिक्षा चालवतात, दुकानांत, हॉस्पिटलांत कामाला आहेत. समोरच्याच तुकड्यावर त्यांच्यासाठी नवी इमारत उभी राहिली होती. तिला दोन विंग. ए विंग मागे, नाल्याच्या बाजूला, पाच मजली, मजल्यावर चार खोल्या. बी विंग पुढे, रस्त्यावर, दहा मजली, मजल्यावर सहा खोल्या. दोन्हींच्या तळमजल्यावर खोल्या नाहीत, आणि लिफ्ट एकेकच. पुनर्वसनाच्या इमारतीतली लिफ्ट किती दिवस चालते हे मुंबईत सांगावं लागत नाही, त्यामुळे प्रत्येकाला पहिला किंवा दुसरा मजला हवा होता.

बिल्डरचा माणूस खामकर. गोड बोलणारा, प्रत्येकाच्या घरात कुणाला साखरेचा त्रास आहे हे त्याला माहीत. दोन विंगचे दोन वेगळे हंडे ठेवायचे, आणि त्या विंगच्या खोल्यांइतकी नावं होईपर्यंत कुठल्या हंड्यात नाव टाकायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, अशी टूम त्याने काढली. वर सभेत सांगितलं, “खालच्या मजल्यांवर ए विंगमध्ये आठ खोल्या आहेत, बी विंगमध्ये बारा. आता तुमची मर्जी.” लोकशाहीच जणू.

सोडतीच्या आदल्या दिवशी मी हंडे तपासायला गेले, तेव्हा सावंतकाकींनी हाक मारली. काकी एकट्या राहतात, डबे करतात. नोकरी करणारी पोरं-पोरी संध्याकाळी त्यांच्या दारावरून डबा उचलून नेतात. काकींचे दोन्ही गुडघे गेलेले. अपंगांना खालचा मजला देण्याची सोय असते, पण म्हाताऱ्या गुडघ्यांना कुणी प्रमाणपत्र देत नाही. घर वर गेलं की गिऱ्हाईक येणार नाही, काकी उतरणार नाहीत, डबे बंद. त्यांच्या आयुष्याचा हिशेब एवढा सरळ होता.

“नाव कुठल्या हंड्यात आहे, काकी?”

“बीच्या. थंय खालच्यो बारा आसत. ए विंगेत आठच.”

“आणि बीत एकूण खोल्या किती?”

“साठ.”

“आणि ए विंगेत?”

“वीस.” त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. “कित्याक गो?”

अपूर्णांक काढला असता तर त्या कंटाळल्या असत्या. मी म्हटलं, “काकी, लग्नात दोन पंगती बसल्यात. एकीत वीस पानं आणि सुरमईचे आठ तुकडे. दुसरीत साठ पानं आणि बारा तुकडे. तुम्ही कुठे बसाल?”

“विसाच्या पंगतीत. इतक्या कळना नाय काय माका? साठात माझ्या पानापर्यंत येयत काय तुकडो?”

आणि मग त्या एकदम थांबल्या. पोळपाटावरचा हात तसाच राहिला.

“मेल्यान आमका साठाच्या पंगतीत नेवन बसयल्यान गो!”

विसात आठ म्हणजे पाचात दोन. साठात बारा म्हणजे पाचात एक. खामकरने ज्या हंड्याला मोठा म्हणून दाखवलं, त्यात शक्यता बरोबर निम्मी होती. तुम्ही म्हणाल, दहा मजली इमारत डोळ्यांना दिसत होती, लोकांना कसं कळलं नाही? पण चिठ्ठी काढणारा माणूस स्वतःला नवव्या मजल्यावर कधीच पाहत नाही. तो पहिल्यावर पाहतो, आणि पहिल्या-दुसऱ्यावरच्या जागा बारा आहेत हे ऐकून मोहरतो. शिवाय ए विंगला नाल्याचा वास. त्यामुळे साठ घरं आपल्या पायांनी चालत बीच्या हंड्याकडे गेली. एच्या विसात कोण उरले? दोन-चार बिचारे खरंच वास चालेल म्हणणारे, आणि बाकी खामकरच्या ऑफिसात रोज चहाला बसणारे.

मी आमच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, “तुझं काम हंडा बघणं. कोणी कुठल्या हंड्यात नाव टाकावं हे निरीक्षक सांगत नाही. चिठ्ठ्या बरोबर आहेत ना?”

“चिठ्ठ्या बरोबर आहेत, सर.”

“मग संपलं.”

माझे वडील कामगारांच्या संघटनेची पत्रकं घरी आणून ठेवायचे. मी अक्षरं त्याच पत्रकांवर गिरवली, त्यामुळे ‘मग संपलं’ हे शब्द मला नीट वाचता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या गणपतीच्या शेडमध्ये सगळे जमले, तेव्हा सोडत सुरू करण्याआधी मी उभी राहिले आणि दोन्ही अपूर्णांक फळ्यावर लिहिले.

सगळ्यात आधी चिडले ते तावडे. कमिटीचे अध्यक्ष, रिक्षा चालवतात, माणूस स्वच्छ. बी घ्या, बी घ्या म्हणून ते स्वतः घरोघर फिरले होते.

“ताई, तुम्ही निरीक्षक ना? मग हे काय राजकारण? बारा आठापेक्षा जास्त की कमी?”

“जास्त.”

“मग?”

“आठ जागांसाठी वीस जण भांडणार. बारा जागांसाठी साठ.”

ते फळ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात खामकर उठला. त्याचा आवाज जराही चढला नाही. “एक सांगा मॅडम, मी खोटं बोललो का? बारा आहेत की नाहीत बीमध्ये?”

आहेत. होत्या. या माणसाने एकही शब्द खोटा उच्चारला नव्हता, आणि माझा राग आहे तो इथेच. खोटं पकडता येतं. त्याच्यावर तक्रार होते. पण वरचा आकडा मोठ्याने सांगायचा आणि खालचा आकडा गिळायचा, याला गुन्हा म्हणत नाहीत, याला हुशारी म्हणतात. ‘शेकडो बक्षिसं’ ओरडणारी जाहिरात तिकिटं किती छापली ते सांगत नाही. क्लासच्या बोर्डावर पास झालेल्या मुलांचे फोटो असतात, बसलेली मुलं किती ते नसतं. सगळीकडे रेघेच्या वरचंच दाखवतात.

“खोटा नाय बोललय तू,” काकी मागून बसल्या जागीच म्हणाल्या, “अर्ध्या बोललय. अर्धो स्वयंपाक करून मी डबो दिलंय तर चलात तुका?”

शेड हसली. तावडे हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, “मी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं रे, बारा आहेत म्हणून,” आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली.

मग जे झालं ते त्यांनीच केलं. दोन हंडे नकोत, एकच हंडा. ऐंशी घरं, हंड्यात खोल्यांच्या ऐंशी चिठ्ठ्या, त्यांतल्या खालच्या वीस. सगळ्यांना चारात एक. ए विंगवाल्यांनी आरडाओरडा केला. त्यातला एक खरा होता, तो म्हणाला, “मी वास पत्करून ए घेतली होती, माझं काय?” त्याचं खरंच नुकसान होत होतं. तावड्यांनी हात वर करायला सांगितले. साठ हातांपुढे वीस हात. खामकरने ज्या संख्येचा उपयोग करून घेतला होता, तीच त्याच्यावर उलटली.

सोडत झाली. माझ्या नोकरीतली सगळ्यात स्वच्छ सोडत. काकींनी बाही वर केली, हात घातला, चिठ्ठी मला दिली. मी वाचली.

बी विंग. नववा मजला.

खामकर जवळ आला. “झालं ना मॅडम मनासारखं? आता एकदम फेअर.”

काकी खांबाला धरून उठल्या. रडल्या नाहीत. “फेर झाला ता बरा झाला,” त्या म्हणाल्या. “पण न्यायान इलो म्हणान नववो माळो खाली येवचो नाय.” मग तावड्यांकडे वळून, “काय हो, साठ घरांका एकच लिप? ही कोणी ठरयल्यानी? त्येची चिठ्ठी कोणी काढल्यान?”

आम्ही सगळे चार भागांतल्या एका भागासाठी भांडत होतो. उरलेल्या तीन भागांचं काय, हे विचारलं ते हरलेल्या बाईने. चालणारी लिफ्ट असती तर खालच्या मजल्याला एवढं मोल आलंच नसतं. तुटपुंजी वस्तू बनवायची, मग तिच्यासाठी माणसांना रांगेत उभं करायचं, आणि वाटप प्रामाणिक झालं म्हणून टाळ्या घ्यायच्या. त्या टाळ्यांसाठीच तर माझ्यासारखी निरीक्षक बोलावतात. त्या आठवड्यात वस्तीने ठरवलं की दुसरी लिफ्ट आणि तिला जनरेटर लागल्याशिवाय जुनी खोली कुणी सोडायची नाही; बिल्डरला ती जमीन मोकळी हवी होती. सरांनी मला बोलावलं, फळ्यावर काय लिहिलं ते विचारलं, आणि मी नोकरी सोडली. सोडली म्हणते, त्यांनीही थांबवलं नाही.

त्यानंतर एका दुपारी मी काकींकडे बसले होते. खामकर आला. मला बघून त्याला बरं वाटलं नाही, पण तो बसला.

“काकी, तुमचे गुडघे मला बघवत नाहीत. तुमच्यासाठी पहिल्या मजल्यावर सोय करतो. ए विंग. तुम्ही फक्त खोली रिकामी करायच्या कागदावर सही करा. तुम्ही निघालात की बाकीचे ऐकतील.”

काकींनी पोळपाट बाजूला सारला. हात गुडघ्यावर होता. मला वाटलं, आता त्या मला विचारतील, आणि मी काय सांगणार होते? गुडघे त्यांचे होते. त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर दोष द्यायचा मला काहीच हक्क नव्हता.

त्यांनी मला विचारलंच नाही. खामकरला विचारलं.

“खालच्यो खोल्यो वीस. विसाव चिठ्ठ्यो निघाल्यो. लोकांची नावां लागली. मग ही एकविसावी खंयसून इली?”

“ते तुम्ही माझ्यावर सोडा.”

“नाय, सांग.”

“एखादं नाव... कागदपत्रांत अपात्र ठरतंच ना, काकी. होतं असं.”

“कोणाचा?”

खामकर हसला. काकींनी भिंतीला हात टेकला, उठल्या, दारापर्यंत गेल्या. त्यांना तेवढं चालायलाही वेळ लागतो. आणि गल्लीत तोंड काढून ओरडल्या:

“तावड्यानू! जरा हंयसर येवा! हो खामकर माका कोणाची तरी खोली देता. कोणाची ता तुमच्यासमोर सांगतलो!”

दारं उघडली. पहिल्या मजल्याची चिठ्ठी निघालेली माणसं आली, दहाव्याची निघालेली आली. तावडे खाकी शर्टाची बटणं लावत आले. खामकर उठून उभा राहिला. “अहो काकी, मस्करी केली.”

“कोणाची? माझ्या गुडघ्यांची?”

कुणीही हसलं नाही. तावडे उंबऱ्यात उभे राहिले.

“नाव सांग, खामकर,” ते म्हणाले. “विसातलं कुठलं, तेवढं सांग आणि जा.”

त्याने नाव सांगितलं नाही, आणि बराच वेळ त्याला जाताही आलं नाही. त्या विसांतलं एकही नाव आजवर अपात्र ठरलेलं नाही. दुसऱ्या लिफ्टसाठी बी विंगच्या मागच्या बाजूला खड्डा खणून झालाय. मधे काम थांबलं तेव्हा आम्ही सगळे बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसलो होतो; पुन्हा थांबलं तर पुन्हा जाऊ. काकी अजून जुन्याच खोलीत, जमिनीला लागून, डबे करतात.